‘लाइट आली’ या वाक्याचा कर्ता

१

एम.ए.च्या विद्यार्थ्यांना आम्ही दरवर्षी आपापल्या गावाचा इतिहास लिहून आणायला सांगतो. हे लेखन बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. गावाच्या नावाची व्युत्पत्ती, ग्रामदैवत, एखादा दुष्काळ, शाळेची स्थापना, आणि मग एक वाक्य. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट या गावाविषयी लिहिलेल्या वहीत ते वाक्य असे होते: ‘त्यानंतर गावात लाइट आली.’ साल विचारले तेव्हा विद्यार्थिनीने आजीला विचारून येते म्हणून सांगितले. आजीला साल आठवत नव्हते. पण घरात पहिला बल्ब लागला तेव्हा आपल्या मांडीवर कोणते मूल होते, हे मात्र तिला नेमके ठाऊक होते.

कालगणनेच्या या पद्धतीपेक्षा आम्हांला त्या वाक्याच्या रचनेने अधिक विचारात पाडले. मराठीत वीज ‘येते’ आणि ‘जाते’. अहिराणीतही ‘लाइट उनी’ आणि ‘लाइट गयी’. विहीर आपण खोदतो, शाळा बांधतो, देऊळ उभारतो, रस्ता करतो. वीज तेवढी पाहुण्यासारखी येते. व्याकरणदृष्ट्या या वाक्याचा कर्ता ‘लाइट’ हाच आहे. तिला कोणी आणले, कोणाच्या निर्णयाने आणले आणि ती कोणाच्या निर्णयाने जाते, यांपैकी काहीही ते वाक्य सांगत नाही. क्रियापद अकर्मक असल्याने माणसाला त्यात जागाच उरत नाही. एखादा भाषिक समाज जेव्हा एवढ्या मोठ्या घटनेसाठी सातत्याने अशी रचना वापरतो, तेव्हा ती केवळ लकब मानता येत नाही. तो त्या समाजाने आपल्या अनुभवाचा केलेला सारांशच असतो.

आज सौरपत्रे आणि साठवणुकीच्या बॅटऱ्या यांच्या आधारे ‘गावाची स्वतःची वीज’ ही कल्पना पुन्हा चर्चेत आली आहे. ती नवी असल्यासारखे बोलले जाते. वास्तविक महाराष्ट्रात, आणि विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, या कल्पनेला एक पूर्वेतिहास आहे. तो वाचताना आम्ही एकच प्रश्न समोर ठेवला आहे: ‘लाइट आली’ या वाक्यात गावाला कर्त्याची जागा कधी मिळाली, आणि मिळाली असल्यास ती टिकली का?

२

सरकारी कागदपत्रांतील भाषा प्रथम पाहू. ‘विद्युतीकृत गाव’ या संज्ञेचा अर्थ अनेकदा बदलला आहे. १९९७पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असली, तर ते गाव विद्युतीकृत ठरत असे. शिवारातील एका पंपाने संपूर्ण गाव उजळल्याची नोंद होई. १९९७मध्ये ही वीज वस्तीच्या क्षेत्रात वापरली गेली पाहिजे, असे ठरले. २००४च्या व्याख्येने शाळा, पंचायत, दवाखाना अशी सार्वजनिक ठिकाणे आणि किमान दहा टक्के घरे ही अट घातली. म्हणजे उरलेली नव्वद टक्के घरे चिमणी-कंदिलाच्या उजेडात असली तरी गाव विद्युतीकृत. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लैसांग येथे वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, ते याच व्याख्येनुसार. घरोघरी जोडणीसाठी ‘सौभाग्य’ ही स्वतंत्र योजना २०१७पासून राबवावी लागली, यातच त्या व्याख्येची मर्यादा स्पष्ट होते.

या सर्व व्याख्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्या वीज पोहोचल्याचा दिवस मोजतात. दुसरा दिवस मोजत नाहीत. रोहित्र जळाले तर ते किती दिवसांत बदलले जाते, बिलाचा हिशेब कोण तपासतो, भारनियमनाची वेळ कोण ठरवतो, हे प्रश्न दुसऱ्या दिवसापासूनचे आहेत. ‘लाइट आली’ या वाक्यातील भूतकाळाप्रमाणेच व्याख्येतील विद्युतीकरणही एकदा घडून संपलेले असते.

३

गावांनी वीजवाटप स्वतः हाती घ्यावे, हा विचार स्वातंत्र्योत्तर काळात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अंमलात आला तो सहकारातून. १९६९मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच सुमारास देशात पाच प्रायोगिक ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या. अमेरिकेत १९३०च्या दशकात शेतकऱ्यांच्या वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या होत्या, तो नमुना डोळ्यांसमोर होता. महाराष्ट्रात तत्कालीन अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील मुळा-प्रवरा आणि सीमाभागात बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी या त्यांपैकी दोन. श्रीरामपूर-राहुरी परिसरातील शेकडो गावे-वाड्यांचा कारभार मुळा-प्रवरा संस्थेकडे होता. साखर कारखान्यांच्या त्या मुलुखात शेतकरी हाच वीज कंपनीचा सभासद असणे ही लहान गोष्ट नव्हती. तारा, खांब, वायरमन आणि वसुली सगळे संस्थेचे.

परंतु वीज मात्र संस्थेची नव्हती. ती वीज मंडळाकडून घाऊक दराने विकत घ्यायची, आणि सवलतीच्या दराने शेतीपंपांना पुरवायची, असा हा व्यवहार होता. घाऊक दर कोणता असावा याचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि थकबाकी वाढत गेली. अखेर २०११मध्ये परवान्याची मुदत संपली तेव्हा वीज नियामक आयोगाने तो प्रदेश महावितरणकडे सोपवला. चार दशकांचा प्रयोग थांबला. हुक्केरीची संस्था मात्र आजही काम करते आहे. म्हणजे दोष ‘सहकार’ या कल्पनेतच होता असे म्हणता येत नाही. मुळा-प्रवरेच्या व्यवस्थापनावर झालेली टीका बाजूला ठेवली, तरी एक धडा उरतो: वाटप आपल्या हाती आणि निर्मिती दुसऱ्याच्या हाती असेल, तर गाव हे वाक्यातील अर्धेच कर्ते राहते.

या अर्ध्या कर्तेपणाचे आणखी एक उदाहरण २००५ नंतरचे आहे. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. ग्रामीण महाराष्ट्रात तेव्हा दिवसाचे कित्येक तास भारनियमन चाले. त्या दिवसांत ‘अक्षय प्रकाश योजना’ आली. गावाने एकत्र येऊन संध्याकाळी शेतीपंप बंद ठेवायचे, तारांवर आकडे टाकू द्यायचे नाहीत. मोबदल्यात घरांना रात्री अखंड उजेड मिळायचा. शेजाऱ्याचा पंप चालू दिसला तर त्याला थांबवण्याचे काम गावसमितीचे. पोलीस आणि अभियंता यांना जे साधले नव्हते, ते अनेक गावांनी आपसांत ठरवून साधले. ज्या पिढीने कंदिलाखाली अभ्यास केला, त्या पिढीला दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत मिळालेल्या उजेडाची किंमत सांगावी लागत नाही. मात्र येथेही गावाच्या हाती होते ते केवळ ‘बंद ठेवणे’. गाव संयमाचे कर्ते होते, विजेचे नव्हे.

४

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्यात, धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. नर्मदेला मिळणाऱ्या उदय नदीच्या काठी वसलेले हे आदिवासी गाव. २००३मध्ये येथे १५ किलोवॅटचा लघुजलविद्युत प्रकल्प सुरू झाला. नर्मदा बचाओ आंदोलनाची संघटनशक्ती, केरळमधील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या तरुण अभियंत्यांचे तंत्रज्ञान, ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ या संस्थेचे साहाय्य आणि गावकऱ्यांचे श्रमदान यांतून तो उभा राहिला. बंधारा गावाने बांधला. पाणी पाटातून वळवून उंचावरून पात्यांवर सोडायचे आणि पुन्हा नदीला द्यायचे, एवढीच त्याची रीत. त्यात गाव बुडत नव्हते, जंगल बुडत नव्हते. घरटी एखाद-दोन दिव्यांपुरती वीज. पण ती कधी वापरायची आणि कशासाठी, हे पाड्यांनी ठरवायचे. या एका ठिकाणी ‘लाइट आली’ असे म्हणणे खरोखर चुकीचे ठरले असते. बिलगावने लाइट केली होती.

आता याच भूगोलातील दुसरा हिशेब पाहावा. बिलगावच्या खालच्या अंगाला नर्मदेवर सरदार सरोवर. त्याची स्थापित क्षमता १,४५० मेगावॅट. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९च्या निवाड्याने त्यातील विजेत मध्य प्रदेशाला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७ टक्के आणि गुजरातला १६ टक्के वाटा दिला. महाराष्ट्राच्या त्या २७ टक्क्यांसाठी ज्या ३३ गावांना बुडिताची झळ बसली, ती सर्व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगाव या दोन तालुक्यांतील. वाटा राज्याला मिळाला, बुडित तालुक्यांना. मार्च २००६मध्ये धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत नेण्यास परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात धरणाच्या फुगवट्याने बिलगावचा प्रकल्प गिळला. गावाने श्रमाने केलेली वीज तीन वर्षांत पाण्याखाली गेली. तीही दुसऱ्या विजेसाठी अडवलेल्या पाण्याखाली.

या घटनेचा साहित्याशी असलेला एक संबंध येथे नोंदवला पाहिजे. ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’चे संस्थापक रवी कुचिमंची यांचे बिलगावातील काम हे आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटामागील एक प्रेरणा होती, असे सांगितले जाते. चित्रपटात अमेरिकेहून परतलेला अभियंता गावकऱ्यांना एकत्र करतो, पाणी वळवतो, आणि वृद्धेच्या चेहऱ्यावर बल्बचा उजेड पडतो. तो प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. बिलगावचे नाव मात्र, त्याच जिल्ह्यात राहूनही, वर्गातील बहुतेकांनी ऐकलेले नसते.

हा विद्यार्थ्यांचा दोष नव्हे. तो कथारूपाचा स्वभाव आहे. कथेला नायक लागतो आणि शेवट लागतो. दिवा लागणे हा उत्तम शेवट आहे. समितीची बैठक, न भरलेली वर्गणी, झिजलेले बेअरिंग, पाटात साचलेला गाळ, पंपासाठी वीज अधिक घेणारा आणि दिव्यापुरती घेणारा यांतील तंटा, या गोष्टी कथेच्या शेवटानंतर सुरू होतात. म्हणून लोकप्रिय कथनाने बिलगावच्या अनुभवातून पहिला दिवस उचलला. समूहाचे कर्तेपण त्यात एका व्यक्तीच्या कर्तेपणात वितळले, आणि प्रकल्पाचे बुडणे त्या चौकटीत येणे तर शक्यच नव्हते. चित्रपट आला तेव्हा बिलगावचे दिवे लागलेले होते.

५

दुसऱ्या दिवसाचा विचार आरंभापासून केलेले एक उदाहरण पुणे जिल्ह्यात आहे. सह्याद्रीच्या कुशीतील दरेवाडी या ३९ घरांच्या वाडीत २०१२मध्ये ‘ग्राम ऊर्जा’ या पुण्याच्या संस्थेने, बॉश कंपनीच्या आर्थिक साहाय्याने, सुमारे साडेनऊ किलोवॅटचा सौरप्रकल्प बॅटऱ्यांसह उभा केला. आम्हांला त्यातील पत्र्यांपेक्षा वनदेव ग्रामोद्योग न्यास अधिक महत्त्वाचा वाटतो. हा न्यास गावकऱ्यांचा. घरोघरी मीटर बसले, वापराप्रमाणे दर महिन्याला पैसे घेण्याचे ठरले, आणि जमलेल्या पैशांतून देखभालीची व पुढे बॅटऱ्या बदलण्याची तजवीज करायची होती.

बॅटऱ्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण गावाच्या विजेची खरी परीक्षा तेथे होते. सौरपत्रा वीस-पंचवीस वर्षे टिकतो. त्या काळात सर्रास वापरल्या जाणाऱ्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य मात्र साधारण पाच ते सात वर्षांचे. तिच्यात वेळेवर शुद्ध पाणी घालावे लागते. ती वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर आणखी लवकर संपते. म्हणजे एका घराने रात्रभर टीव्ही चालवला तर त्याची झीज सर्व घरांना सोसावी लागते. आजच्या लिथियम बॅटऱ्या अधिक काळ टिकतात आणि पाणी मागत नाहीत; परंतु एक दिवस त्याही बदलाव्या लागतात. तो खर्च एकदम येतो, आणि तो येईल तेव्हा उद्घाटनाचे पाहुणे हजर नसतात.

बिहारमधील धरनई येथे २०१४मध्ये ग्रीनपीसच्या पुढाकाराने १०० किलोवॅटचे सौरजाळे मोठ्या गाजावाजाने सुरू झाले. लवकरच तेथे सरकारी वीज अधिक स्वस्त दराने पोहोचली. ग्राहक तिकडे वळले, वसुली आटली, बॅटऱ्या थकल्या आणि काही वर्षांत ते जाळे बंद पडले. लोकांचे वळणे समजण्यासारखे आहे. स्वस्त वीज सोडून महाग वीज घेण्यास गरिबाला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. शहरातील प्राध्यापकाने, अखंड पुरवठ्याच्या घरात बसून, खेड्याच्या स्वावलंबनाचे गोडवे गाऊ नयेत, हे भान आम्हीही ठेवू इच्छितो.

उलट अनुभव स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील एग बेटाचा आहे. शंभराच्या आसपास वस्तीच्या या बेटावर मुख्य भूमीवरील तारा कधी पोहोचल्याच नाहीत. घरोघरी डिझेलचे जनरेटर असत. १९९७मध्ये रहिवाशांनी वर्गणी जमवून बेटच विकत घेतले, आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी पाणी, वारा, ऊन व बॅटऱ्या यांवर चालणारी स्वतःची वीज कंपनी सुरू केली. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॅटची मर्यादा, ती सर्वांना सारखी. देखभाल बेटावरच्याच प्रशिक्षित माणसांकडे. ही मर्यादा बिलगावच्या तुलनेत चैनीची आहे. तीन एगवासी कुटुंबांच्या मर्यादेत संपूर्ण बिलगाव मावत होते. पण दोन्हींकडे तत्त्व एकच होते: किती वापरायचे हे वापरणाऱ्यांनीच ठरवायचे. फरक भूमीचा होता. एगवासीयांनी आधी जमीन मिळवली आणि मग वीज केली. बिलगावने वीज केली तेव्हा पायाखालची जमीन दुसऱ्यांच्या नकाशावर आधीच पाण्यात होती.

६

मग आपल्याकडील कायदा काय म्हणतो? २००३च्या वीज कायद्याचे पाचवे कलम ग्रामीण भागात घाऊक वीज खरेदी आणि स्थानिक वाटप पंचायत संस्था, वापरकर्त्यांचे संघ, सहकारी संस्था, स्वयंसेवी संस्था किंवा फ्रँचायझी यांच्यामार्फत करण्यासंबंधी राष्ट्रीय धोरण आखण्यास सांगते. चौदाव्या कलमानुसार अधिसूचित ग्रामीण क्षेत्रात वीज निर्माण करून वाटणाऱ्याला परवान्याचीही गरज नाही. याच्या एक वर्ष आधी, २००२मध्ये, कॅलिफोर्नियाने शहरांना आणि परगण्यांना आपल्या नागरिकांसाठी एकत्रित वीज खरेदी करण्याची मुभा देणारा कायदा केला. त्याआधारे २०१०मध्ये मरीन परगण्यात पहिली लोकसंस्था उभी राहिली आणि पुढे अशा अनेक निघाल्या. आपल्या कलमातील ‘पंचायत’ हा शब्द मात्र बहुतांशी कागदावरच राहिला.

महाराष्ट्रात सौरऊर्जा वाढली, ती वेगळ्या दिशेने. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३मध्ये पूर्ण झाला. एका ठिकाणी बिलगावच्या आठ हजारपटींहून अधिक क्षमता. नंदुरबारच्याच लोहमार्गावर असलेल्या दोंडाईच्याच्या परिसरात वीजप्रकल्पासाठी जमिनी गेल्या. त्यांत विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन होती. मोबदल्यातील अन्यायाची दाद मागत त्यांनी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. ऊन स्वच्छ आहे. त्याच्या खालची जमीन कोणाची, हा प्रश्न ऊन सोडवत नाही.

२०१७मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३मध्ये विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचा मार्ग धरला. रात्री-अपरात्री सापाकिरड्यांच्या भयात पाणी भरणाऱ्या शेतकऱ्यासाठी हा मोठा दिलासा आहे, आणि तो कमी लेखू नये. योजनेत जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे, ग्रामपंचायतीला अनुदानही आहे. गाव येथे जमीनदार झाले, लाभार्थी झाले. प्रकल्पाचे मालक आणि चालक होणे अद्याप बाकी आहे.

७

साठवणुकीमुळे हा प्रश्न आता अधिक तीव्र होणार आहे. खानदेशातील जुन्या घरांत कणगी असे, काही गावांत जमिनीखाली पेवे असत. ज्याच्या घरी कणगी, तो सुगीच्या पडत्या भावात धान्य विकायला बांधलेला नसे. ज्याच्याकडे ती नसे, तो सुगीत स्वस्त विकी आणि आषाढात तेच धान्य सावकाराकडून महाग घेई. साठवण म्हणजे केवळ धान्य ठेवण्याची जागा नव्हती. आपल्या वेळेवरचा आपला ताबा होता. विजेचे आता तसेच होऊ घातले आहे. भर दुपारी ऊन उदंड आणि वीज स्वस्त. दिवेलागणीला मागणी चढते आणि वीज महागते. दुपार आणि संध्याकाळ यांच्यामध्ये बॅटरी उभी असते. ती गावाच्या न्यासाची असेल तर ती कणगी आहे. ती दुसऱ्याची असेल, तर गावाच्या शिवारात पिकलेली दुपार गावालाच संध्याकाळी चढ्या भावाने विकली जाण्याची शक्यता आहे.

मुळा-प्रवरेकडे वाटप होते, निर्मिती नव्हती. बिलगावकडे निर्मिती होती, जमिनीची शाश्वती नव्हती. धरनईकडे निर्मिती आणि साठवण दोन्ही होत्या; तारा आल्यावर त्यांच्याशी कोणत्या अटींवर जोडून घ्यायचे, याची व्यवस्था नव्हती. कोरीटसारख्या सपाटीवरील गावात तारा आधीच पोहोचलेल्या आहेत. तेथे तारांपासून तुटण्यात शहाणपण नाही. पंचायत किंवा सहकारी संस्था तारांच्या या टोकाला हिशेबवही घेऊन बसू शकते का, बॅटरी बदलण्याची रक्कम पहिल्या महिन्यापासून बाजूला काढू शकते का, आणि कायद्याच्या पाचव्या कलमातील आपले नाव वापरू शकते का, यावर पुढचा इतिहास अवलंबून आहे. ज्या जिल्ह्याने १९७२मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी केली, ज्या मातीतून वाहरू सोनवणे यांची ‘गोधड’ आली, त्याला संघटित होण्याचे धडे बाहेरून आणावे लागणार नाहीत.

कोरीटची ती वही आम्ही परत केली तेव्हा शेरा लिहिला: ‘कोणी आणली?’ विद्यार्थिनी पुन्हा आजीकडे गेली. आजीने बराच विचार करून सांगितले की खांब रोवायला बाहेरची माणसे आली होती. पण खड्डे गावच्याच पोरांनी खणले, आणि त्या माणसांना आठ दिवस भाकरी आळीपाळीने घरोघरून गेली. वहीतील वाक्य आता तीन ओळींचे झाले आहे. यंदापासून गावाच्या इतिहासाच्या प्रश्नावलीत आम्ही एक प्रश्न वाढवला आहे: तुमच्या गावच्या डीपीची चावी कोणाकडे असते?